बाथरूमच्या जुन्या फरशीवर नवीन टाइल्स बसवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

फ्लॅटमधील बाथरूमची जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवीन टाइल्स बसवून घेणे आता सर्रास चालते. राडारोडा कमी निघतो, आवाज कमी होतो, काम आठवड्याभरात आटोपते. तरीही अशी अनेक कामे वर्ष-दोन वर्षांत बिघडतात. टाइल्स पोकळ वाजू लागतात, सांध्यांतून पाणी झिरपते, दार घासते, नाहीतर जाळीभोवती पाणी साचून राहते. यातले बहुतेक दोष नव्या टाइलशी किंवा चिकटवण्याच्या मसाल्याशी संबंधित नसतात. खालची फरशी न तपासणे, उंचीचा हिशेब न करणे आणि पृष्ठभागाची तयारी उरकून टाकणे ही त्यामागची खरी कारणे असतात. म्हणून या लेखात टाइल प्रत्यक्ष बसवण्यापूर्वीच्या टप्प्यांवर जास्त भर दिला आहे. हा लेख फक्त जमिनीपुरता आहे. भिंतीवरील टाइल्सचे काम वेगळे असते.

टप्पा १ : जुनी फरशी या कामाला योग्य आहे का?

टाइल्स निवडण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात आणि त्यांचा निकाल हाती आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

पहिली चाचणी ठोकून पाहण्याची. लाकडी दांड्याने किंवा रबरी हातोडीच्या मुठीने प्रत्येक लादी मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत हलकेच ठोकावी. भरीव आवाज आला तर लादी घट्ट आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर खाली पकड सुटलेली आहे. अशा लाद्यांवर खडूने फुली मारावी. फुल्या तुरळक असतील तर तेवढ्या लाद्या काढून ती जागा सिमेंट-वाळूच्या पॉलिमरयुक्त मसाल्याने जुन्या फरशीच्या पातळीपर्यंत भरून घेता येते. पाचातली एक लादी जरी पोकळ वाजत असेल, तरी संपूर्ण फरशी फोडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवीन टाइल जुन्या लादीला कितीही घट्ट चिकटली, तरी जुनी लादी उचलली की नवीनही तिच्याबरोबर उचलली जाते.

दुसरी चाचणी पाणी कोंडून ठेवण्याची. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचे, तोंड कापडाच्या बोळ्याने आणि वर प्लास्टिक घालून घट्ट बंद करावे, दाराच्या उंबऱ्याशी ओल्या मातीचा किंवा मसाल्याचा छोटा बांध घालावा आणि फरशीवर साधारण एक इंच पाणी भरून किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास ठेवावे. या काळात खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताची आणि आपल्याच बाथरूमला लागून असलेल्या भिंतींच्या पायथ्याची पाहणी करावी. पाणी भरण्यापूर्वी छताचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे जुना डाग आणि नवीन ओल यांत घोळ होणार नाही.

सावधान : नवीन टाइल्स घातल्या की गळती थांबेल, हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. आपल्याकडील बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो आणि जलरोधक थर त्या कोब्याच्या खाली व आजूबाजूला असतो. तो थर निकामी झाला असेल, तर वर घातलेल्या टाइल्सने दुरुस्ती होत नाही. पाणी फक्त दुसरी वाट शोधते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार एका सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय किंवा सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदस्याला करावा लागतो. म्हणून चाचणीत ओल दिसली, तर हे काम तिथेच थांबवावे आणि आधी फरशी फोडून जलरोधन करून घ्यावे.

खालची फरशी कोणत्या प्रकारची आहे, हेही पाहावे. चकाकीदार सिरॅमिक, व्हिट्रिफाइड आणि मोझॅक या फरश्यांवर योग्य तयारीनंतर काम टिकते. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात आणि तिच्या लाद्या एकसारख्या जाडीच्या नसतात. जुन्या मोऱ्यांतील अशी फरशी काढून टाकलेलीच बरी. अलीकडे काही घरांत, विशेषतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जुन्या टाइल्सवर लॅमिनेटच्या पट्ट्या किंवा विनाइलचे चिकट तावही घातलेले आढळतात. त्यांच्यावर टाइल कधीही बसवू नये. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो, तो ओलाव्याने फुगतो. शिवाय पट्ट्या जमिनीला चिकटवलेल्या नसून एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे पायाखाली हलतात. अशा हालचालीवर सिमेंटचा कोणताही थर टिकत नाही. त्या पट्ट्या, खालचा फोम आणि गोंदाचा अंश पूर्ण काढून मूळ फरशीपर्यंत यावे आणि मग वरील दोन्ही चाचण्या कराव्यात.

टप्पा २ : उंचीचा हिशेब

नवीन टाइल साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्याखालचा मसाला दबल्यानंतर ३ ते ५ मिलिमीटर उरतो. म्हणजे जमीन ११ ते १५ मिलिमीटरने, गवंड्यांच्या भाषेत साडेतीन ते पाच सुतांनी (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर येणार. हा फरक तीन ठिकाणी अडचण करतो आणि तिन्हींचा विचार आधीच व्हावा लागतो.

पहिले ठिकाण दार. बाहेरच्या खोलीची जमीन आणि बाथरूमची जमीन यांतील सध्याचा फरक उंबऱ्यापाशी मोजावा. समजा तो ४० मिलिमीटर आहे. नवीन फरशीनंतर २५ मिलिमीटर उरेल आणि ते पुरेसे आहे. हा उरलेला फरक २० मिलिमीटरच्या खाली जात असेल, तर ट्रॅप तुंबल्यावर पाणी थेट खोलीत येईल. तेथे ग्रॅनाइटची उंच पट्टी बसवून वेळ मारून नेता येते, पण घरात वयस्क माणसे असतील तर ती पट्टी रात्री ठेच लागण्याचे कारण ठरते. दाराची खालची कड नवीन फरशीपासून किमान १० मिलिमीटर वर राहिली पाहिजे. पीव्हीसीचे दार कापता येत नसेल, तर ते बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

दुसरे ठिकाण नहाणी ट्रॅपची जाळी. जाळी जुन्या पातळीवरच ठेवून भोवती टाइल्स चढवल्या, तर तिथे खड्डा होतो आणि त्यात केस व साबणाचा गाळ साचतो. जाळीची चौकट काढून ती नवीन पातळीच्या किंचित खाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खाली, बसेल अशी उंचावून घ्यावी. ट्रॅप आणि जाळी यांच्यामध्ये जोडकडे घालून तो सांधा बाजूंनी पक्का भरावा. नुसत्या मसाल्याचा खळगा करून सोडल्यास पाणी नवीन आणि जुन्या फरशीच्या मध्ये शिरते. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती वारंवार होते.

तिसरे ठिकाण कमोड. भिंतीवर टांगलेला असेल तर प्रश्न नाही, फक्त बसण्याची उंची चार-पाच सूत कमी होईल. जमिनीवरचा असेल तर तो काढूनच फरशी करावी. कमोड जागेवर ठेवून भोवती टाइल्सचे तुकडे लावणे हे आयुष्यभराच्या दुर्गंधीला आमंत्रण आहे. कमोड परत बसवताना त्याचे तोंड आणि निचऱ्याचा पाइप यांची उंची आता जुळत नाही, तेव्हा जोडणीचे साहित्य प्लंबरला आधी मोजून आणायला सांगावे. भारतीय पद्धतीचे भांडे जमिनीत बसवलेले असेल आणि ते ठेवायचे असेल, तर मात्र हे काम करू नये. भांड्याची कड नव्या फरशीच्या खाली जाते आणि बाथरूममधले सांडपाणी त्यात उतरू लागते.

तपासणी : फरशीचा ढाळ याच वेळी मोजावा. दर फुटाला एक सूत, म्हणजे सुमारे शंभरास एक, एवढा उतार जाळीकडे असावा. पाण्याच्या नळीने किंवा लेव्हल बॉटलने चारही कोपऱ्यांपासून जाळीपर्यंतची पातळी घेऊन ती भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी. ढाळ मुळातच चुकलेला असेल, तर तो टाइलखालच्या मसाल्याची जाडी कमी-जास्त करून सुधारायचा नसतो. तो टाइल बसवण्यापूर्वी वेगळ्या पॉलिमरयुक्त मसाल्याच्या थराने सुधारून वाळू द्यावा लागतो आणि त्या थराची जाडीही वरच्या हिशेबात धरावी लागते.

टप्पा ३ : साहित्य

टाइल मॅट किंवा अँटीस्किड घ्यावी. आकार लहान असलेला बरा. ३०० बाय ३०० मिलिमीटरची टाइल चारही बाजूंनी जाळीकडे उतरणाऱ्या ढाळाला जुळवून घेते. दोन फूट बाय चार फूट टाइल तसे करू शकत नाही आणि तिच्या एका कडेला पाणी थांबतेच. चार फूट बाय सात फूट, म्हणजे २८ चौरस फूट बाथरूमला ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या ३२ टाइल्स तुकड्यांसह पुरतात. सर्व खोकी एकाच बॅचची आहेत ना, हे खोक्यावरील शेड क्रमांकावरून पाहून घ्यावे.

चिकटवण्यासाठी साधे सिमेंट किंवा सिमेंटची रबडी चालत नाही. साधे सिमेंट खालच्या पृष्ठभागात पाण्याबरोबर शिरून पकड धरते. चकाकीदार लादी पाणी पितच नाही आणि व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्यांहून कमी असते. दोन्ही बाजू पाणी न पिणाऱ्या असल्यावर पकड फक्त पॉलिमरमुळे मिळते. म्हणून आयएस १५४७७ या भारतीय मानकानुसार टाइप ३ किंवा त्यावरच्या प्रतीचे आणि पिशवीवर ‘टाइलवर टाइल’ या वापराचा स्पष्ट उल्लेख असलेले टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्यावे. युरोपीय खुणा छापलेल्या असतील तर सी२टीई ही खूण पाहावी. वरील मापाच्या बाथरूमला २० किलोची एक पिशवी पुरते. मुदत आणि उत्पादनाची तारीख पाहावी. पावसाळ्यात दुकानाच्या ओलसर कोपऱ्यात पडून राहिलेली, गाठी झालेली पिशवी परत करावी.

याशिवाय अ‍ॅडेसिव्हच्याच कंपनीने सुचवलेला प्रायमर, दोन घटकांचे सिमेंट-पॉलिमर जलरोधक लेपन, कोपऱ्यांसाठी फायबरची जाळी, एपॉक्सी ग्राउट (टाइल्समधील सांधे भरण्याचा मसाला), बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, ३ मिलिमीटरचे स्पेसर (टाइल्समध्ये सारखी फट राखणारे तुकडे) आणि ८ मिलिमीटर खाचांची थापी लागते.

टप्पा ४ : जुन्या फरशीची तयारी

बिघडलेल्या कामांचे मूळ बहुधा याच टप्प्यात सापडते. बाथरूमच्या फरशीवर साबण, तेल, शाम्पू आणि खाऱ्या पाण्याचे क्षार यांचा वर्षानुवर्षांचा थर असतो. तो डोळ्यांना स्वच्छ वाटतो, पण मसाला त्या थराला चिकटतो, लादीला नव्हे.

१. सिलिकॉनचे जुने अंश, रंगाचे डाग आणि डिंक ब्लेडने खरवडून काढावेत.

२. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून फरशी ताठ ब्रशने दोनदा घासावी आणि दर वेळी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. फिनेल वापरू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

३. जुन्या सांध्यांतील ग्राउट ३ मिलिमीटर खोलीपर्यंत खरवडावे, कारण साबण सर्वांत खोल तिथेच मुरलेला असतो.

४. फरशी पूर्ण वाळल्यावर ग्राइंडरला हिऱ्याचे कप व्हील लावून लादीची चकाकी संपूर्णपणे उतरवावी. कोपऱ्यांत कप व्हील पोहोचत नाही. तेथे हाताने, कार्बाइडच्या खरवडणीने काम करावे.

५. धूळ आधी व्हॅक्यूमने उचलावी, मग ओल्या फडक्याने पुसावी. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसणे थांबवू नये.

सावधान : छिन्नी-हातोडीने टाचे मारण्याची सवय अनेक कारागिरांना असते. काँक्रीटवर ते योग्य आहे. टाइलवर मात्र प्रत्येक घावाबरोबर शेजारच्या घट्ट लाद्याही सैल होतात आणि पहिल्या टप्प्यातील चाचणी निरर्थक ठरते. तसेच अ‍ॅसिड टाकून चकाकी जाते, हाही गैरसमज आहे. बाजारात मिळणारे अ‍ॅसिड टाइलच्या काचेसारख्या थरावर फारसे चालत नाही, पण सांध्यांतील सिमेंट खाऊन टाकते.

सावधान : ग्राइंडिंगची धूळ फुफ्फुसांना अतिशय घातक आहे. एन९५ मास्क आणि चष्मा कारागिराला आपण आणून द्यावा, तो वापरेल याकडे लक्ष द्यावे. धूळ बसावी म्हणून साध्या ग्राइंडरवर पाणी मारू नये. ओल्या बाथरूममध्ये विजेचा धक्का बसण्याचा धोका खरा असतो. ट्रॅपचे तोंड बंद ठेवावे, नाहीतर चुरा पाइपमध्ये जाऊन घट्ट बसतो.

तपासणी : तयार फरशीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. तो मण्यासारखा गोल उभा राहिला, तर तिथे अजून तेलकटपणा किंवा चकाकी आहे. तेवढा भाग पुन्हा घासावा. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी स्वतः करावी, कोणाच्या सांगण्यावर सोडू नये.

टप्पा ५ : जलरोधक लेपन आणि भिंतीचा कोपरा

फरशी गळत नसली, तरी नवीन टाइल्सखाली जलरोधक थर घ्यावा. अडचण अशी की फक्त जमिनीवर दिलेला थर भिंतीपाशी संपतो आणि पाणी नेमके जमीन व भिंत यांच्या सांध्यातून जाते. लेप भिंतीवर चढवावा, तर भिंतीच्या टाइल्स आडव्या येतात. यावर चांगला उपाय म्हणजे भिंतीच्या टाइल्सची सर्वांत खालची एक ओळ काढणे. त्या मोकळ्या जागेत लेप वर चढवता येतो आणि नंतर तेथे नवीन किंवा वेगळ्या रंगाची ओळ बसवता येते. यासाठी एक दिवस आणि थोडा खर्च वाढतो. तो टाळायचा असेल, तर लेप किमान नवीन फरशीच्या जाडीएवढा भिंतीवर घ्यावा, मात्र मग कोपऱ्याची सारी भिस्त सिलिकॉनवर राहते हे लक्षात ठेवावे.

आधी प्रायमर द्यावा. तो सुकल्यावर कोपरे, जाळीची चौकट आणि पाइपांभोवती फायबरची जाळी लेपात दाबून बसवावी. मग संपूर्ण जमिनीवर पहिला हात एका दिशेने आणि तो सुकल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा. वाळण्याचा काळ डब्यावर दिलेला असतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

तपासणी : लेप पूर्ण पक्का झाल्यावर पाणी कोंडण्याची चाचणी पुन्हा एकदा २४ तास करावी. यानंतर दोष सापडला तर टाइल्स फोडाव्या लागतील. आता सापडला तर ब्रशचा एक हात पुरतो.

टप्पा ६ : कोरडी मांडणी

मसाला कालवण्यापूर्वी टाइल्स स्पेसरसह नुसत्या मांडून पाहाव्यात. दारातून आत पाऊल टाकताना अखंड टाइल दिसावी आणि तुकडे मागच्या भिंतीला किंवा कमोडखाली जावेत. तीन बोटांपेक्षा अरुंद पट्टी येत असेल, तर सगळी मांडणी सरकवावी. बाथरूम क्वचितच काटकोनात असते, म्हणून गुण्या लावून आधाररेषा जमिनीवर आखावी, भिंतीवर विसंबून राहू नये. जाळीभोवतीचे तिरके काप याच वेळी करून घ्यावेत. भिंतीपाशी सर्वत्र ४ ते ५ मिलिमीटर फट सोडावी.

टाइलला टाइल भिडवून, फट न ठेवता लावण्याची फर्माईश अनेकदा होते. दिसायला ती सुबक असते, पण तापमानाने होणाऱ्या प्रसरणाला जागा उरत नाही आणि इतक्या अरुंद सांध्यात ग्राउट आत उतरतच नाही.

टप्पा ७ : टाइल बसवणे

टाइल पाण्यात भिजवू नये. भिजवण्याची पद्धत सिमेंट-वाळूच्या मसाल्यासाठी होती. त्याऐवजी टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढावी. ही भुकटी कारखान्यात भट्टीतल्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून लावलेली असते आणि ती पकड हमखास कमी करते.

अ‍ॅडेसिव्ह कालवताना आधी बादलीत मोजून पाणी घ्यावे आणि मग भुकटी टाकावी. कमी वेगाच्या मिक्सरने गाठी मोडेपर्यंत कालवावे, ५ मिनिटे तसेच ठेवावे आणि पुन्हा एकदा फिरवावे. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात वरून पाणी घालून तो सैल करणे, ही कामाच्या जागी हटकून दिसणारी चूक आहे; अशा मसाल्याची ताकद गेलेली असते.

बसवण्याची सुरुवात दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यातून करावी आणि दाराकडे मागे सरकत यावे. थापीच्या सपाट कडेने मसाल्याचा पातळ हात जमिनीवर दाबून घासावा, मग खाचांच्या कडेने त्यावर सरळ, समांतर रेघा ओढाव्यात. गोलाकार रेघांत हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही मसाल्याचा पातळ हात द्यावा. टाइल रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागेपुढे सरकवत दाबावी, म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात, आणि रबरी हातोडीने बसवावी.

मसाल्यावर साय धरण्यापूर्वी टाइल बसली पाहिजे. बोट लावल्यावर मसाला बोटाला लागला नाही, तर तो खरवडून नवीन लावावा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही साय पिशवीवर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी धरते. तिथे एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरताच मसाला पसरावा.

सावधान : चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे मसाल्याचे पाच गोळे ठेवून टाइल बसवू देऊ नये. मधल्या पोकळीत पाणी साचते, कुजकट वास येतो आणि जड बादली आपटली की टाइल तिथेच तडकते.

तपासणी : तिसरी-चौथी टाइल बसल्यावर ती लगेच उचलून तिची पाठ पाहावी. राखाडी मसाला कोपऱ्यांपर्यंत सलग पसरलेला दिसला पाहिजे. ओल्या जागेत ९५ टक्के पाठ भरलेली असावी. रेघा तशाच उभ्या दिसत असतील किंवा एखादा कोपरा कोराच निघाला, तर मसाला कमी पडतो आहे किंवा दाब पुरेसा नाही. दर ओळीनंतर ढाळही भिंतीवरील पेन्सिलीच्या खुणांशी ताडून पाहावा.

सांध्यांत वर आलेला मसाला ओला असतानाच काढावा. फरशीवर २४ तास पाय ठेवू नये. घरात बाथरूम एकच असेल, तर पर्यायी सोय काम सुरू होण्यापूर्वीच करावी. ‘जरा आत जाऊन येतो’ म्हणत टाकलेल्या पावलांनी कडेच्या टाइल्स खाली दबतात.

टप्पा ८ : सांधे भरणे

२४ तासांनंतर स्पेसर काढून सांधे साफ करावेत. नुसते पांढरे सिमेंट भरू नये. ते आकसते, भेगाळते आणि काळे पडते. एपॉक्सी ग्राउटचे सर्व घटक पूर्ण मापाने मिसळावेत, त्यात पाणी घालू नये आणि लहान भागांत काम करावे. रबरी पट्टीने सांध्यात तिरके दाबून भरल्यावर वरचा अंश ओल्या स्पंजने ताबडतोब पुसावा. दुसऱ्या दिवशी तो निघत नाही आणि मॅट टाइलवर त्याचा पुसट थर कायमचा राहतो.

जमीन आणि भिंत यांमधील फट ग्राउटने भरू नये. तिथे थर्माकोलची बारीक पट्टी किंवा चिकटपट्टी लावून ती मोकळी ठेवावी आणि ग्राउट कडक झाल्यावर, फट पूर्ण कोरडी असताना, सिलिकॉन भरावे. जाळीची चौकट आणि कमोडची कड यांनाही हेच लागू आहे.

टप्पा ९ : वापर सुरू करणे

ट्रॅपमधील बोळा काढून दोन बादल्या पाणी ओतावे आणि ते कुठेही न थांबता जाळीकडे जाते का, हे पाहावे. पाण्याचा हा पहिला वापर ग्राउट भरल्यानंतर तीन दिवसांनी करावा. साबण आणि साफसफाईची रसायने सात दिवसांनंतर. वॉशिंग मशीन बाथरूममध्येच असेल, तर तेही आठवडाभर बाहेर ठेवावे. अ‍ॅसिड या फरशीवर कधीच वापरू नये. खारे डाग व्हिनेगरच्या सौम्य पाण्याने वेळच्या वेळी काढावेत. सिलिकॉनची कड दर सहा महिन्यांनी नखाने दाबून पाहावी आणि ती सुटलेली दिसली, तर पूर्ण कापून काढून नवीन भरावी, जुन्यावर नवीन थर देऊ नये. या फरशीवर पुढे तिसरा थर मात्र चढवायचा नाही. पुढच्या वेळी दोन्ही थर फोडून कोब्यापासूनच काम करावे लागेल.